आठवीच्या वर्गात कवितालेखन कसे शिकवावे? यमकाच्या अडचणीविषयी मार्गदर्शन हवे आहे

सिन्नरची शिक्षिका | ६ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी आणि नववीला मराठी शिकवते. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या शाळेचे हस्तलिखित प्रकाशित होते आणि यंदा त्यातील कविता विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मागील वर्षांची हस्तलिखिते चाळून पाहिली, तेव्हा असे दिसले की त्यांतील बहुतेक कविता आई, पाऊस, झाडे आणि शाळा या चार विषयांवर असून नावे झाकली तर कोणती कविता कोणाची हे लिहिणाऱ्यालाही ओळखता येणार नाही.

म्हणून या वर्षी मुलांना वर्गातच बसवून लिहायला लावावे असे ठरवले. पहिल्या तासाला मी 'तुम्हाला जे मनापासून वाटते ते लिहा' एवढीच सूचना दिली. एका मुलीने तिच्या मेलेल्या कुत्र्यावर कविता लिहिली. कुत्र्याचे नाव मोती. दुसऱ्या ओळीत ज्योती नावाची बहीण आली, तिसऱ्या ओळीत ती बहीण शेती करू लागली. मी तिला बहिणीविषयी विचारले, तेव्हा कळले की तिला बहीणच नाही. 'मॅडम, मोतीला जुळत होतं म्हणून घेतली,' असे तिने अगदी सहज सांगितले. दुसऱ्या एका मुलाने 'पाऊस आला धो धो धो, आनंद झाला हो हो हो' असे लिहून दोन मिनिटांत वही मिटली आणि उरलेला तास तो खिडकीबाहेर पाहत बसला. खरे सांगायचे तर त्या वेळी बाहेर जे काही तो पाहत होता, त्यावर त्याने लिहिले असते तर बरे झाले असते.

माझ्या अडचणी अशा आहेत. यमक सोडा असे सांगितले, तर मुले विचारतात की मग ती कविता कशी, तो तर निबंध झाला. यमक ठेवा म्हटले, तर ते सगळी कविता ओढून नेते. वर्गात ५४ मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. नववीच्या मुलांना तर रसग्रहणाची इतकी सवय झाली आहे, की कविता म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन कप्प्यांत भरायची वस्तू असे त्यांना वाटते आणि स्वतः लिहिताना ती आधी 'समर्पक शब्द' शोधू लागतात. मुलांच्या ओळी मी दुरुस्त कराव्यात का, केल्या तर किती, आणि या लेखनाला गुण द्यावेत का, याविषयीही मनात गोंधळ आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माणदेशी मास्तर | ६ जानेवारी

ताई, आपला प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षे आठवली. मी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो आणि ज्योतीसारख्या नसलेल्या बहिणी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

माझा अनुभव असा आहे, की दोष यमकाचा नसून यमकाच्या जागेचा आहे. आपली मुले यमक नेहमी ओळीच्या शेवटी ठेवतात, आणि वाक्याचा शेवट म्हणजे विचाराचा शेवट असल्यामुळे विचाराला कुठे पोहोचायचे हे यमकच ठरवून टाकते. मराठीत यावर फार जुना उपाय उपलब्ध आहे, तो म्हणजे मोठा अभंग. त्याचे चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळते. चौथा चरण पूर्णपणे मोकळा असतो. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' हा अभंग मुलांना पाठ असतोच. तो फळ्यावर चार तुकड्यांत लिहून बोटांवर अक्षरे मोजायला लावली, की 'विटेवरी' आणि 'कटावरी' यांची जोडी मुले आपली आपण शोधतात आणि 'ठेवोनिया' कशाशीच जुळत नाही हे पाहून त्यांना आश्चर्य वाटते. यमक मध्ये उरकून टाकायचे आणि जे सांगायचे आहे ते शेवटच्या चार अक्षरांसाठी राखून ठेवायचे, हे त्यांना एवढ्यावरून कळते.

मोजणीचे नियम एका वाक्यात सांगता येतात. ऱ्हस्व असो वा दीर्घ, प्रत्येक अक्षर एकच धरायचे आणि जोडाक्षरही एकच धरायचे. गणवृत्तांचे, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या ठरलेल्या क्रमावर बांधलेल्या वृत्तांचे, लघुगुरू या वयात लिहायला देऊ नयेत. मनाचे श्लोक भुजंगप्रयात या गणवृत्तात आहेत. ते टाळ्यांवर म्हणून घ्यावेत, 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' या ओळीतील बारा अक्षरांचा हेलकावा कानात बसू द्यावा, आणि तिथेच थांबावे. गण ओळखण्याचे 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र घोकून कोणी कविता लिहू लागल्याचे मला तरी आठवत नाही.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असे. आठवीतील एका मुलीने त्यावर पुढील ओळी लिहिल्या.

रांगेत कळशी ठेवते ही आजी
तिच्यामागे माझी रिकामीच

मोजून पाहा; सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे बरोबर आहेत. 'आजी' आणि 'माझी' यांचे यमकही मुलीच्या वयाला शोभणारे आहे. मी शाबासकी देणार होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने 'ही आजी म्हणजे कोणती आजी?' असे विचारले. त्याला व्याकरणातले काही म्हणायचे नव्हते, खरोखरच कोणती आजी हे जाणून घ्यायचे होते. मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की 'ही' हे अक्षर कमी पडत होते म्हणून घातले आहे. मोरोपंतांपासून आजतागायत सगळ्यांनी भरतीची अक्षरे घातली आहेत, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु मी तिला म्हणालो, की त्या अक्षराच्या जागी दुसरे काही बसते का ते बघ. तिने बाकावर बसून बराच वेळ बोटे मोडली. 'ठेवतसे आजी' झाले, 'ठेवताना आजी' झाले. मग तिने 'ठेवायची आजी' असे लिहिले आणि स्वतःच थबकली, कारण त्या क्रियापदाने काळ बदलला होता. आजीचे गुडघे धरल्यामुळे त्या वर्षी रांगेत तिच्याऐवजी ही मुलगीच उभी राहत होती, आणि ही गोष्ट तिने मला काय, कोणालाच सांगितलेली नव्हती. दुसऱ्या ओळीत तिने आणखी एक शब्द बदलला.

रांगेत कळशी ठेवायची आजी
तिच्या जागी माझी रिकामीच

मी यात काहीही दुरुस्त केले नाही. एक अक्षर बसत नव्हते, त्यामुळे तिला आपल्याच वाक्याकडे पुन्हा पाहावे लागले, एवढेच घडले. 'मनापासून लिही' असे सांगून ही ओळ तिच्याकडून आली नसती असे माझे ठाम मत आहे, कारण मुलांना मनापासून लिहायला सांगितले की ती आपण ऐकलेल्या मनापासूनच्या गोष्टी लिहितात.

मुक्तछंदवाला, मुंबई | ७ जानेवारी

मास्तरांविषयी पूर्ण आदर बाळगून मी असहमती नोंदवतो. टँकरची ओळ उत्तम आहे. पण अशी ओळ एखाद्या मुलीच्या हाती लागते आणि उरलेला वर्ग अक्षरे मोजण्याचे गणित सोडवत बसतो. ज्या मुलांना मराठीच्या तासात आधीच गणिताइतकी भीती वाटते, त्यांच्यापुढे सहा-सहा-सहा-चार असे कोष्टक ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात पहिले दोन तास 'कविता' हा शब्दच उच्चारला जात नाही. फळ्याच्या कोपऱ्यात मी काही शब्द लिहितो आणि त्यांवर फुली मारतो. सुंदर, रम्य, हिरवेगार, निसर्ग, माया, कष्ट, आनंद. हे शब्द वापरायचे नाहीत, एवढाच नियम असतो. मग प्रत्येकाने घरातील एका आवाजाविषयी पाच साधी वाक्ये लिहायची. दृश्य न मागता आवाज मागण्याचे कारण असे, की दृश्यांची वर्णने मुलांनी पाठ्यपुस्तकांतून आणि दूरदर्शन मालिकांतून भरपूर गोळा केलेली असतात. आवाजाचे तयार वर्णन त्यांच्यापाशी सहसा नसते.

एका मुलाने 'माझी आई खूप कष्ट करते' असे लिहिले. 'कष्ट' या शब्दावर फुली असल्याचे मी दाखवले आणि विचारले, की हे तुला कोणत्या आवाजावरून कळते? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की आवाज येतच नाही. आमच्या चाळीत पहाटे चारला पाणी येते आणि मी जागा होऊ नये म्हणून आई बादलीच्या तळाशी फडके टाकते. मी विचारले, 'तू झोपलेला असतोस, मग तुला हे कसे ठाऊक?' तो म्हणाला, 'मी जागाच असतो, सर.' मी त्याला एवढेच सांगितले, की तू आता जे बोललास ते जसेच्या तसे लिही आणि बोलताना जिथे थांबलास तिथे ओळ तोड. त्याने लिहिले ते असे.

पाणी चारला येते.
आई बादलीत फडके टाकते
नळाचा आवाज
माझ्या झोपेपर्यंत जाऊ नये म्हणून.
मी जागाच असतो.

या ओळींना यमक नाही आणि अक्षरांचा हिशेब नाही. हा निबंध आहे असे वर्गातील एकाही मुलाने म्हटले नाही, उलट ओळी वाचून झाल्यावर वर्ग काही क्षण शांत राहिला. त्यामुळे ताई, आपल्या मुलांचा 'मग तो निबंध झाला' हा आक्षेप वादाने खोडू नये असे मी सुचवेन. अशी एक कविता वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.

माणदेशी मास्तर | ७ जानेवारी

सर, बादलीतल्या फडक्याची कविता वाचून मी चष्मा पुसला हे आधी कबूल करतो. मात्र ती कविता आपल्या दोन प्रश्नांतून निघाली, आणि ते दोन प्रश्न सुचण्यासाठी समोर आपल्यासारखा शिक्षक असावा लागतो. ताईंच्या वर्गात ५४ मुले आहेत. प्रत्येकाला असे दोन प्रश्न विचारायचे म्हटले तर मुलाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. मोजणीचा फायदा असा, की शेजारचा मुलगाही 'तुझे एक अक्षर जास्त झाले' असे सांगू शकतो. त्यासाठी त्याला कविता कळावी लागत नाही, आणि शिक्षकाला मात्र तेवढ्या वेळात एखाद्या बाकाजवळ जाऊन बसता येते.

दुसरे असे, की मुक्तछंद आणि बांधीव रचना यांच्यात आपण समजतो तेवढे वैर नाही. मराठीत मुक्तछंद रुजवण्याचे श्रेय ज्या कवी अनिलांना दिले जाते, त्यांनीच पुढे दहा ओळींची दशपदी हाताळली. मोकळे लिहिणाऱ्यालाही कधीतरी कुंपण हवेसे वाटते, याहून अधिक मला काही म्हणायचे नाही.

मुक्तछंदवाला, मुंबई | ७ जानेवारी

५४ मुलांचा मुद्दा मान्य आहे. माझ्या वर्गात ३१ आहेत, आणि हा फरक मी लिहिताना विसरलो होतो. अनिलांनी दशपदीकडे वळण्यापूर्वी आयुष्याचा मोठा काळ मोकळे लिहिले होते, एवढे मात्र आठवीतल्या मुलांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

खानदेशी | ९ जानेवारी

वरील चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, आणि ती दुरुस्तीच्या प्रश्नाशी थेट निगडित असल्यामुळे लिहितो. यात माझीच चूक सांगायची आहे.

मी धुळे जिल्ह्यात शिकवतो आणि माझ्या वर्गातील बहुसंख्य मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने अष्टाक्षरीत लिहिलेल्या कवितेची सुरुवात 'मनी माय वावरमा' अशी केली होती. हस्तलिखितात जायचे म्हणून मी लाल पेनाने तिचे 'माझी आई शेतामध्ये' असे केले. अक्षरे मोजली तर दोन्हीकडे आठच भरतात, त्यामुळे छंदाच्या दृष्टीने काही बिघडले नाही असे मला वाटले, किंबहुना मी आपल्या कौशल्यावर खूशच होतो. हस्तलिखित घरी गेल्यावर त्या मुलाच्या आईने ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मुलाने मला येऊन सांगितले, 'सर, माय म्हणाली, ही कोणाची आई?' त्यानंतर दहावी होईपर्यंत त्या मुलाने माझ्या तासाला एकही ओळ स्वतःहून लिहिली नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी उतरवून घेतली म्हणून राहिली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. उतरवून घेणाऱ्यांनी माझ्यासारखा लाल पेन चालवला असता तर आज आपल्या हाती काय उरले असते, याचा विचार मी पुढे पुष्कळ वेळा केला. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे आणि माझ्या मुलांची अहिराणी, या दोन बोली एक नव्हेत. बाहेरचे लोक दोन्हींना सरसकट 'खानदेशी' म्हणतात आणि मीही येथे तेच नाव घेऊन बसलो आहे, ते वेगळे. 'अरे संसार संसार' या ओळीची अक्षरे मोजून पाहिली तर तीही आठ भरतात, आणि मोजणीला घाबरणाऱ्या मुलाला मी हीच ओळ दाखवतो, कारण ज्या बाईने शाळा पाहिली नाही तिला हा हिशेब कानाने येत होता.

आता मी दुरुस्ती दोन टप्प्यांत करतो. कच्च्या प्रतीवर लाल पेन वापरायचाच नाही. पेन्सिलीने समासात फक्त एक प्रश्न लिहायचा, उदाहरणार्थ 'हा शब्द घरी वापरता का?' किंवा 'यानंतर काय झाले?' मूल उत्तर म्हणून ओळ बदलते किंवा बदलत नाही, तो त्याचा अधिकार. शुद्धलेखन पक्क्या प्रतीच्या वेळी पाहायचे आणि तेही प्रमाण मराठीत लिहिलेल्या शब्दांपुरतेच. बोलीतील शब्द मूल उच्चारते तसा लिहायचा, आणि तो कसा लिहायचा हे वर्गातील बोली बोलणाऱ्या मुलांनी एकत्र बसून ठरवायचे. या बैठका फार रंगतात. 'मनी' की 'मन्ही' यावर आमच्याकडे एकदा अख्खा तास गेला.

रविवारची शाळा, न्यू जर्सी | १० जानेवारी

मी येथे दर रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझी मुले आपल्या मुलांहून वेगळी आहेत. परंतु अक्षरे मोजण्याविषयी एक व्यावहारिक सूचना उपयोगी पडेल असे वाटते. येथील मुलांनी इंग्रजी शाळेत पाच-सात-पाचचा हायकू लिहिलेला असतो आणि त्यात ती उच्चारातले ठोके मोजायला शिकतात. तीच सवय घेऊन ती मराठीत आली की 'कळशी' हा शब्द दोनच भरतो, कारण आपण बोलताना 'कळ्-शी' असे म्हणतो. छंदात मात्र तो क, ळ, शी असा तीन अक्षरांचा आहे. माझा समज होता की ही अडचण फक्त परदेशातील मुलांची असेल, पण गेल्या सुट्टीत पुण्यातील भाच्याला मोजायला सांगितले तर त्यानेही दोनच सांगितले. तेव्हा मोजायला लावण्यापूर्वी ओळ अभंगाच्या चालीवर म्हणून घ्यावी. गाताना ळ आपोआप पूर्ण उच्चारला जातो आणि वाद मिटतो.

मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, आणि तीन ओळींत एक क्षण पकडण्याचा तो प्रकार लहान वाटल्यामुळे मुलांना आवडतो. परंतु आठवीतल्या मुलाला 'क्षण पकड' असे सांगितले तर तो सूर्यास्तच पकडून आणतो, असा माझा अनुभव आहे.

निफाडकर | १० जानेवारी

गुणांच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आठवीपर्यंत आकारिक, म्हणजे वर्षभरातील कामावरून होणारे, मूल्यमापन असल्याने कवितालेखन 'उपक्रम' म्हणून नोंदवता येते. मी कवितेला गुण देत नाही, खर्ड्यांना देतो. मुलाने वहीत किती वेळा बदल करून पाहिले आणि प्रत्येक बदलाच्या बाजूला कारण लिहिले का, एवढेच पाहतो. याचा एक अनपेक्षित लाभ असा, की मोबाइलवरून उतरवून आणलेली किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली कविता ओळखण्याची गरजच पडत नाही, कारण तिला खोडाखोड नसते. गेल्या वर्षी एका हुशार मुलाने आयती कविता आणून तिला मागाहून खोटी खोडाखोड जोडली होती. ती जोडता जोडता त्याने दोन ओळी मूळच्यापेक्षा चांगल्या केल्या, त्यामुळे मला त्याला रागावताही आले नाही.

माणदेशी मास्तर | ११ जानेवारी

गृहपाठाविषयी एक सांगायचे राहिले. मुलांना घरी कविता लिहायला न देता एक ओवी आणायला द्यावी. आजीकडून, शेजारणीकडून, कोणत्याही वयस्कर बाईकडून. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा आपल्या मुलांना एक मिळायला हरकत नसावी. ओवी सांगणारी बाई मध्येच थांबते, 'पुढचं काय बरं' म्हणते आणि पुष्कळदा विसरलेला तुकडा जागच्या जागी नवा करून म्हणते. मुलाने ते समोर बसून पाहिले म्हणजे कविता पुस्तकात छापलेलीच असते हा समज निघून जातो. ग्रंथातली, म्हणजे ज्ञानेश्वरीतली ओवी वेगळी. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड असतो. ती नववीला दाखवावी, आठवीला घाई नको.

सिन्नरची शिक्षिका | २९ जानेवारी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते लिहिते. सगळेच चांगले झाले असे नाही.

मी आधी मुंबईच्या सरांच्या पद्धतीने सुरुवात केली. फुली मारलेले शब्द फळ्यावर लिहिले आणि घरातील एक आवाज लिहायला सांगितला. मुलांनी आवाज भरपूर लिहिले, परंतु ओळी कुठे तोडायच्या यावर माझ्याकडे रांग लागली आणि दोन तास त्यातच संपले. त्यानंतर त्याच वाक्यांना अभंगाच्या मापात बसवून पाहा असे सांगितले. पहिला तास गोंगाटात गेला. 'प्रकाश' तीन की चार यावर दोन मुले जवळजवळ हातघाईवर आली होती. पाचव्या तासाअखेर ५४ पैकी १९ मुलांचे किमान दोन चरण जमले. बाकीच्यांपैकी अकरा जणांनी मोकळ्या ओळी लिहिल्या आणि त्या मी तशाच स्वीकारल्या. मोतीची कविता आता पाच ओळींची आहे आणि तिच्यात बहीण नाही. रिकामी साखळी खिडकीच्या गजाला लागून वाजते, एवढा एकच आवाज आहे.

एका मुलाने वडील रात्री घरी येतात त्या वेळच्या दाराच्या कडीविषयी लिहिले. ओळी इतक्या नेमक्या होत्या, की मी त्या हस्तलिखितात पहिल्या पानावर घ्यायचे मनाशी ठरवून टाकले. सुट्टीत तो स्टाफरूमच्या दाराशी आला आणि 'मॅडम, ते छापू नका' एवढे बोलून गेला. मी ते लेखन वाचले, याची त्याला हरकत नव्हती. गावाने वाचावे हे मात्र त्याला नको होते. आता त्याच्याकडे मुखपृष्ठाचे चित्र दिले आहे. घरातील आवाज मागताना घरात काय काय ऐकू येत असेल याचा विचार मी आधी करायला हवा होता. पुढच्या वेळी 'ही वही फक्त माझ्यासाठी' आणि 'ही हस्तलिखितासाठी' अशा दोन वह्या पहिल्याच दिवशी देणार आहे.

ज्या मुलाने 'धो धो धो' लिहून वही मिटली होती, त्याने या वेळी पुढील ओळी लिहिल्या. आमच्याकडे कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, ठेवून चांगल्या बाजारभावाची वाट पाहणे ही दरवर्षीची गोष्ट आहे, एवढे इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी सांगते.

चाळीतला कांदा सडू लागे आत
आप्पांचाही हात थांबलेला

मास्तरांची टँकरची गोष्ट मी वर्गाला सांगितली असल्यामुळे सगळ्यांनी लगेच 'ही'वर बोट ठेवले. हे अक्षर भरतीचे आहे, काढून टाक, असा एकच गलका झाला. खरे म्हणजे मलाही तसेच वाटले. तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, की काढणार नाही. आधी व्यापाऱ्याचा हात थांबला, म्हणजे त्याने माल उचलला नाही, आणि मग आप्पांनी कांदा निवडणे सोडून दिले. 'ही' काढला तर व्यापारी कुठे जाईल? वर्गात यावर मतदान घ्यावे अशी सूचना आली, ती मी फेटाळली. 'ही' राहिला आहे.

खानदेशी सरांना एक शंका विचारायची आहे. तीन मुलांनी घरच्या बोलीतले शब्द वापरले आहेत आणि मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे की प्रत्येक शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशी द्यावा. आपण काय करता?

खानदेशी | ३० जानेवारी

मुलांनाच विचारतो. गेल्या वर्षी एका मुलीने सात शब्दांपैकी चार शब्दांचे अर्थ दिले आणि उरलेल्या तीन शब्दांखाली 'आजीला विचारा' असे लिहिले. आम्ही ते तसेच ठेवले.